एक फेज गेली, बाई

(जयपूर, जून १९८७. झोटवाड्याच्या पुढच्या माळावर, बंद पडलेल्या पवनचक्कीच्या बुंध्याशी. पुण्याहून आलेली इंजिनिअर इंदुमती आणि चक्कीचा ऑपरेटर हणमंत. दुपार.)

इंदुमती : वाइंडिंगचा पार कोळसा झालाय, हणमंतराव. जळका वास अजून येतोय.

हणमंत : व्हय बाई.

इंदुमती : कारखान्यांच्या लाइनची एक फेज मेली आणि उरलेल्या दोन फेजांवर जनित्र तापत राहिलं. अशा वेळी रिलेनं ते लाइनीपासून ताबडतोब तोडायला हवं होतं. तीन वर्षं घालवली मी त्या रिलेवर.

हणमंत : रिलेचा दोष न्हाई त्यो.

इंदुमती : माझा आहे. मे महिन्यात तुमचे एकतीस फोन आले. ‘एक फेज गेली, बाई, ट्रिप झालं.’ मला वाटलं, जरा व्होल्टेज हललं की हा भित्रा रिले मशीन बंद करतोय. म्हणून मीच त्याचं सेटिंग ढिलं केलं. उद्या चौकशी कमिटीपुढे हेच सांगायचं, आणि गाशा गुंडाळून पुण्याला जायचं.

हणमंत : तसं सांगू नगा. त्या एकतीस ट्रिपांतल्या खऱ्या सातच.

इंदुमती : आणि बाकीच्या?

हणमंत : मी लाल बटन दाबून बंद केलं.

इंदुमती : चोवीस वेळा? चालतं मशीन? कशासाठी?

हणमंत : ट्रिप झालं की हापिसात कळवायचं, असा नियम हाय. आन् फोन तुमी उचलता.

इंदुमती : मग?

हणमंत : तुमी इचारता, वारं किती होतं, जेवलात का. माझी बायको यमुना, ती जाऊन दीड वरीस झालं. फौजेत होतो तवा बराकीत आपली मानसं होती. आता पोरगं हाय घरात, पर त्याला हाक मारली की ‘हां, पापाजी’ म्हणतंय. शेजारचे भैया लोक चांगले हायेत, मतलब, राम राम करत्यात. जेवलास का म्हनून आपल्या बोलीत कोन इचारतंय?

इंदुमती : लांडगा आला रे आला केलंत तुम्ही! माझा रिले बरोबर होता, हणमंतराव. तुमच्या शब्दावर भरवसा ठेवून मी तो बिघडवला.

हणमंत : कागद आना. लिवून देतो, सही करतो.

इंदुमती : नोकरी जाईल.

हणमंत : जाऊ द्या. तुमचं नाव खराब व्हायला नको.

इंदुमती : दुपारी तुमचा फोन आला नाही तर मलाही चुकल्यासारखं व्हायचं. त्या ऑफिसात दिवसभर माझ्याशी तरी कोण बोलतं? अहो, नुसताच करायचा होता फोन. मी बोलले नसते का?

हणमंत : लावला हुता एकदा. तुमी ‘बोला’ म्हनलात. बिगर कामाचं काय बोलायचं असतंय, ते आठवंना.