मोंटाना, जपान आणि माझी कात्री

...आणि मी म्हणतो, एवढी जागा घेऊन करायचंय काय? नाही, तुम्हीच सांगा! जावई अमेरिकेतून फोनवर ऐटीत सांगतो, ‘बाबा, आमचं मोंटाना म्हणजे अख्ख्या जपानएवढं! इथंच घर घेतोय!’ आणि मुलगी मागून म्हणते, ‘बाबा हो म्हणाले तरच.’ घ्या! आली का पंचाईत माझ्या गळ्यात?

तुम्हाला सांगतो, मी शिंपी माणूस, टेप लावल्याशिवाय सख्ख्या भावाच्या कमरेवरही विश्वास ठेवत नाही, मग जावयाच्या मोंटानावर कसा ठेवू? दुकानातल्या नकाशावरून मोंटाना उतरवलं खाकी कागदावर, कापलं, ठेवलं जपानवर, आणि सगळीकडून हे एवढं बाहेर! मी खूश, जावयाचं माप चुकलं! तर बायको काज करता करता म्हणते, ‘अहो, माया सोडलीत का?’ सोडली होती! सवयीनं, चारी बाजूंनी, शिलाईत जाईल म्हणून! पुन्हा कापलं, जपानचीही बेटं कापून त्यावर जुळवून बसवली... एकोणीस-वीसचा फरक हो. पोरगा खरं बोलत होता, मेला.

‘आणि माणसं?’ बायकोनं पुढच्या फोनवर जावयाला विचारलं. ‘जपानात बारा कोटी, इथं अकरा लाख!’ जावई असा सांगतोय, जणू सेल लागलाय! ‘शेजारचं वायोमिंग तर ब्रिटनएवढं, आणि माणसं सहा लाखसुद्धा नाहीत!’ अरे, पण एवढी जागा घेऊन करायचंय काय?

मग माझं कामात लक्षच लागेना. कात्री हातात तशीच, आणि डोळ्यांपुढे सगळा जपान रिकामा... शंभरातलं एकच माणूस उरलंय, दुकानं उघडी, दिवे लागलेले, गाड्या येतायत, कुणी उतरत नाही... आणि त्या लांबच लांब रस्त्यावरून माझी पोर चाललीय, एकटी, कोपराशी उसवलेल्या स्वेटरमध्ये. बांगलादेशात सतरा कोटी आहेत म्हणे, वाटलं, त्यातले चार-पाच लाख हळूच उचलावेत आणि तिच्या शेजारी नेऊन ठेवावेत, दार वाजवतील, साखर मागतील... गिऱ्हाईक म्हणालं, ‘मास्तर, माझी बाही!’ बघतो तर बाही कापली होती गुडघ्यापर्यंत पोचेल एवढी!

शेवटी मीच फोन लावला. आमची सकाळ, तिची रात्र. म्हटलं, ‘खरं सांग, करमतं का तिथं?’

‘करमतं हो बाबा. माणसं चांगली आहेत. काम आवडतं. फक्त... रात्री फार शांत असतं. तुम्ही मशीन चालवा ना, फोन ठेवू नका.’

चालवली. पाच मिनिटांनी जावई कुजबुजला, ‘बाबा, झोपली.’ लहानपणीही अशीच झोपायची हो, मशीनखाली, कातरणांच्या ढिगावर. म्हटलं, घे बाबा घर.

काय करणार? आता रोज सकाळी, काम असो नसो, फोन टेबलावर आणि मी पायडल मारतोय रिकामं, आणि आतून बायको ओरडतेय, ‘अहो, निदान सुईत दोरा तरी ओवा!’