नुसती डावी

—आन् मी कुटं जोडी मागतोय, मालक? नुसती डावी द्या! ही बगा, उजवी चप्पल पायात धडधाकट हाय. डावी कुटं गेली? वळखा की! वळखलासा तर म्हणशीला तेवढं देतो. कुत्र्यानं न्हेली हे शेंबडं पोरबी सांगंल — पर मी ती रस्त्यावर काडून का ठिवली, ते सांगा! न्हाय सांगायचा तुमी. आन् हळू बोला. झुंबरबाई, माझी बायको ओ, दुधाच्या पैशातनं तिनंच ही जोडी तुमच्यातनं न्हेलीया. परत कुनाची टिंगल केलीस तर उंबऱ्याच्या आत पाय टाकायचा न्हाय, म्हंलीया. म्हंजे डावी न्हाय घावली तर मी आज गोठ्यात, म्हशीजवळ!

आमच्या गल्लीतल्या हंबीररावनं दिवाळीला गाडी घेतली — आटोमॅटिक! क्लचच न्हाय. व्हय, त्योच, तुमचंच गिऱ्हाईक, माझ्याच मापाचा पाय. तर गाडी हायवेला लागली की नुसती बोंबलायची, पेट्रोल म्हशीगत प्यायची. बाळासो मिस्त्रीनं बगितली. कसं चालतंय सांगू? त्यो तुमचा टेबलफॅन — त्येच्याम्होरं दुसरा बंद फॅन ठिवा, वाऱ्यानं त्योबी फिरतोय का न्हाय? फिरतोय! तसंच गाडीत, वाऱ्याच्या जागी त्याल. हिकडला पंखा इंजिनचा, पलीकडला चाकांचा. गाडी थांबली तर चाकांचा गप हुबा, इंजिनचा आपला फिरतोय — म्हून इंजिन बंद पडत न्हाय. पर त्याल म्हंजे निसरडं, दुसरा पंखा कायम जरा मागंच. म्हून गाडीनं वेग धरला की आत एक चकती दोगास्नी गच्च धरती — दोनाचा एकच पंखा! इंजिनच्या फेऱ्यांचा काटा खाली, इंजिन गप, पेट्रोल वाचतंय. आन् ब्रेकला पाय लागला रं लागला की चकती सोडती, न्हायतर थांबताना इंजिनचा गळा आवळंल की! आता हंबीररावचा डावा पाय — जलमभर क्लच दाबलेला, रिकामा बसवंना, तर ठिवला ब्रेकवर! हलकाच! मग चकती धरंल कशी? बाळासो म्हंला, आण्णा, त्येला सांगा, डावा पाय आवरून बस.

एवढंच सांगायचं हुतं. पर ही माझी जीब! म्हंलं, हंबीरराव, गाडी जपानची हाय, तिकडची रीतच हाय — डावी चप्पल घराभायेर सोडायची, पाय बुडाखाली घ्यायचा, मग गाडी खूश. ऐकलं की गड्यानं! कागलच्या म्होरं काटा खाली, इंजिन गप — त्येनं स्टेरिंगला हात जोडलं! तवापस्नं बाजारात एका चपलेवर, सोयऱ्यात एका चपलेवर — मी हसून हसून आडवा.

आन् काल मलाच म्हंला, चला वाडीला, दत्ताच्या पाया पडू. दार उघडतोय तर — आण्णा, डावी भायेर! रीत माझीच की! ठिवली त्येच्या फाटकापाशी. परत येतोय तर कुत्रं घेऊन पसार.

हसताय काय? — ती फळीवर काय हाय? डावी? कोरी? एकटीच? — हंबीररावची! म्हंजे उजवीच झिजती म्हून जोडीचं पैसं भरून त्यो नुसती उजवी न्हेतोय व्हय? आरं माझ्या देवा! मग द्या की, पैसं तर कवाच आल्यात तुमचं!

किती? पुऱ्या जोडीचं? एका डावीला? मी कवा म्हंलो म्हणशीला तेवढं — ती गंमत हुती ओ, आन् वळखलासा कुटं तुमी! आन् फोन कशाला उचलताय? कुनाला? झुंबर— ठिवा! ठिवा खाली!

घ्या. पुऱ्या जोडीचं घ्या.