सात महिन्यांचा आरसा

पार्ल्याच्या दूधकेंद्रावर आज रांगेत माझ्यापुढे दोघी शेजारणी उभ्या होत्या.

"कुंदा, तुझी ती काचेवर काच घासायची खरखर कालपासून बंद कशी गं?"

"आरसा झाला, उत्तरा! काल गच्चीवर दुर्बिणीत बसवला."

"एका आरशाला सात महिने?"

"अगं, प्रकाशाच्या लाटेच्या पाव हिश्श्याएवढा उंचवटा राहिला तरी चित्र पुसट येतं."

"मग दिसलं काय?"

"शनी! कड्यासकट, लख्ख!"

"अगंबाई! आणि तुझ्या सासूबाईंना साडेसाती ना?"

"तेच तर! म्हणाल्या, त्याची नजर पडेल, मी नाही बघायची. मी म्हटलं, आई, हा उजेड तिथून सव्वा तासापूर्वी निघालाय. तो एव्हाना दुसरीकडे बघत असेल."

"मग बघितलं?"

"बघितलं म्हणजे? डोळाच काढेनात! आमची अख्खी बिल्डिंग मागे रांगेत खोळंबली."

"आज शनिवार. तेल वाहायला गेल्या की नाही मग?"

"गेल्या ना, पहाटेच. पण जाताना काय ताठ चालत होत्या! म्हणाल्या, 'इतकी वर्षं तो माझ्यावर नजर ठेवून होता. काल मी ठेवली.'"