अर्धं क्रियापद

माझं इंग्रजी व्याकरण आयुष्यात एकदाच हरलं, तेही अंगठा उठवणाऱ्या बाईपुढे.

महायुद्ध नुकतंच संपलं होतं. मी रहिमतपूरला मास्तर होतो. शेजारच्या तानूमावशी तार घेऊन धावत आल्या. लेक फौजेत, त्यामुळे तार म्हटली की धास्तीच.

"आवं मास्तर, पोरगं बरं हाय न्हवं?"

तारेत लेकाच्या नावाआधी एकच शब्द होता, 'कमिंग'. "येतोय" एवढं सांगून गप्प बसावं की नाही? पण मास्तरकी नडली.

"मावशी, येतोय म्हणतो, पण हे इंग्रजीतलं नॉन-फायनाइट, म्हणजे अर्धं क्रियापद. ह्याला ना कर्ता, ना काळ. आपलं 'येतो' कसं पुरं! ह्या अर्ध्यावर विसंबू नका."

मावशींनी तार कनवटीला खोचली. "मास्तर, जाताना त्यो 'येतो' म्हणूनच गेला. पुरं क्रियापद! चार वर्सं झाली, आला न्हाई. आता ह्ये अर्धंच लय झालं. मी डाळ निवडाय घेते."

तिसऱ्या दिवशी त्याच फौजी लेकाच्या शेजारी मी पुरणपोळी जेवायला बसलो. मावशी वाढायला आल्या आणि सगळ्यांदेखत म्हणाल्या,

"मास्तर, अर्धी वाढू का पुरी?"