मोताळ्याच्या टेकडीवरचा फोटो

हॅलो?… हां गोपाल, बोल. ऐकू नाही येऊन राह्यलं रे… थांब. ओ तुळशीरामभाऊ, मशीन बंद करा जरासक!… हां, बोल आता. पोचला मोताळ्याले? सापडली टेकडी?

हाव, तेच पाटी. आपल्याले पत्रिकेवर छापाले झाडाइचं लेबल देल्लं त्याच कंपनीची. मंग काढ ना फोटो! योगिनी सकाळपासून विचारून राह्यली, मामानं झाडाइचा फोटो पाठोला काय म्हणून.

काय?… नाही म्हणजे?… अरे नीट पाय बरं, टेकडीच्या मांगच्या बाजूनं असतील…

एकबी नाही?

नुसते खड्डे… आन वाळल्या काड्या. हं… हं. आन तो बकऱ्यावाला काय म्हणते? पाणीच नाही टाकलं कोनी? लावताना फोटो काढले आन गेले?

अरे देवा…

गप कशी राहू रे? पत्रिका छापून झाल्या ना! मांगच्या बाजूनं हिरवं पान, आन त्याच्याखाली लिवेल हाये, 'या पत्रिकेच्या कागदाचा कार्बन मोताळ्यात झाडे लावून भरून काढला आहे.' भरून काढला आहे! माह्याच प्रेसमधी, माह्याच पोरीच्या लग्नाची पत्रिका…

हो, हो… कंपनीनं फसोलं, कळते मले. पण अरे ऐक ना. योगिनीले पत्रिकाच नको होती. फोनवर पाठवू म्हणे सगळ्याइले. म्याच रडली तिच्यापुढं… खामगावात लोकाइच्या पत्रिका छापण्यात जिंदगी गेली, आन आपली पोरगी बिनापत्रिकेची उजवू? तवा म्हणे, बरं आई, पण एकच साधा कागद, आन त्या कागदाच्या बदल्यात लावेल झाडं खरोखर असली तरच. म्या म्हटलं, हायेत ना! पाहाले कोन गेलं होतं?

आन एक कागद तरी कुठं ठेवला म्या? लेबल भेटलं तसा हात मोकळाच सुटला… जाड पुठ्ठा, तीन पानं, वरून डबी. झाडं हायेत ना आपली, म्हणत गेली.

स्टिकर?… लेबलवर स्टिकर चिटकवू? आन पोरीले काय सांगू?… नव्या कशा छापू बाबा? पहिली पत्रिका देवापुढं ठेवली. बाकीच्याइले हळद-कुंकू लावून राह्यली योगिनी, आतमधी बसून. हळद-कुंकू लागेल पत्रिका कोनी फाडते काय? आन नव्या छापल्या तर अजून कागद… तिले तर तेच नको होतं.

काय म्हणतं?… बाजूच्या वावरातल्या पेरूच्या बागेचा फोटो पाठवू?

नाही. नाही गोपाल. लेबल खोटं हाये हे आपल्याले मालूम नव्हतं. हा फोटो तर मालूम असून पाठवनं झालं.

खड्ड्याइचा काढ… हाव, रिकाम्या खड्ड्याइचा. काड्या दिसल्या पाह्यजे. आन मले नको पाठवू. तिलेच पाठव… माह्या तोंडानं सांगनं होत नाही रे. माय असून होत नाही.

पाठोला?… हं… वाजला तिचा फोन.

हळदीचे हात पुसून राह्यली ओढणीले… हासून राह्यली रे, गोपाल. मामाचा फोटो आला म्हणे आई, ये लवकर, झाडं पाहू संग…

ठेव. ठेव आता तू.