फोटोची खोळ

धंतोलीच्या दवाखान्यात भावना नंबरची वाट पाहत होती. शेजारच्या म्हातारीच्या मांडीवर फुलाफुलाच्या कापडाची मोठी खोळ होती.

“मावशी, आत कोन हाय?” पलीकडच्या बाईनं विचारलं.

“पोरगा. थायलंडले हॉटेलात होता. तिथले माणसं लय सिगरेट ओढतात म्हने. त्याईच्या संगतीनं लागली.”

“तिकडच्या पाकिटावर फोटो नसते का?”

“असते ना वं! सडक्या फुफ्फुसाचा. सुट्टीवर आला तं म्हने, आई, हा फोटो पाहून ओढावंसंच वाटत नाही.”

“मंग सुटली?”

“सुटून राहिली होती. पोरगं भेते म्हून मीच पाकिटाले खोळ शिवून देली. याच कपड्याची.”

“अन् हे मांडीवरची?”

“त्याच्या एक्सरेची. मले पाहवत नाही वं.”