मी फक्त रस्ता विचारला होता

...नाही नाही, बसा तुम्ही, उठू नका! तुमच्याशी बोलतोय म्हणून तरी जीव थाऱ्यावर आहे, नाहीतर सकाळपासून या दोन खोल्यांत माझी जी परेड चाललीय ना, विचारू नका! गाद्या उन्हात घाला, गाद्या आत आणा, पंख्याची पाती पुसा, माळ्यावरचं मोठं पातेलं काढा, आता ते पातेलं परत वर ठेवा, दुसरं काढा... आणि हे कशापायी? तर आयुष्यात एकदा परक्या देशात गेलो आणि एका माणसाला रस्ता विचारला. बाकी काही गुन्हा नाही हो माझा. मी फक्त रस्ता विचारला होता!

जरा हळू बोलतो हं. खालच्या मजल्यावर ऐकू जातं. खालच्यांचं नि आमचं बोलणं बंद आहे... आमच्या कुंड्यांचं पाणी त्यांच्या वाळत घातलेल्या लेंग्यावर ठिबकलं, तेव्हापासून. फार जुनं, मुरलेलं भांडण आहे. ते असो.

तर तुम्हाला सांगतो, मी मुळात कुणाचं काही घेणारा माणूसच नाही. ऑफिसात कुणी चहा पाजला तर दुसऱ्या दिवशी मी त्याला पाजणार, विषय संपला! डोक्यावर ओझं नको. मुलीने तिकिटं हातात ठेवली, म्हणाली, "बाबा, जरा जग बघा." म्हटलं, "बघतो, पण जगाशी संबंध नको."

आणि पहिल्याच दिवशी हरवलो! आम्हाला बघायचं होतं संग्रहालय. ते नकाशात आहे, माहितीपत्रकात आहे, फक्त जागेवर नाही! ऊन मी म्हणतंय, हिच्या चपलेचा अंगठा तुटलेला, ही एक पाय घासत चाललीय आणि दर पावलाला, "मी म्हटलं होतं डावीकडे." शेवटी समोर एक खिळ्या-स्क्रूंचं दुकान दिसलं. आत टकलावर चष्मा, कानावर पेन्सिल असा एक गृहस्थ बिजागऱ्या पुसत बसलेला. त्याच्यापुढे नकाशा धरला आणि भुवया वर केल्या. आता मला सांगा, भुवया वर करणं म्हणजे काय? रस्ता विचारणंच ना?

त्याने नकाशा बघितला. हिची चप्पल बघितली. माझा घाम बघितला. आणि उठून दुकानाचं शटर खाली ओढलं! भर धंद्याच्या वेळी! मोबाइल काढून त्यात काहीतरी पुटपुटला, तर मोबाइलमधून मराठीत, अगदी स्टेशनावरच्या घोषणेच्या आवाजात... "आपण... आता... आमच्या घरी... येत आहात."

ही म्हणाली, "माणूस चांगला वाटतोय हो."

म्हटलं, "अगं, किडनी काढणारे चांगलेच वाटतात. वाईट वाटले तर त्यांच्यामागे जाईल कोण?"

"तुमची शुगर बघितली की परत आणून बसवतील. चला!"

आणि निघाली ना ती! तुटक्या चपलेने, माझ्या पुढे!

घर म्हणजे काय, जिना चढून आपल्यासारख्याच दोन खोल्या. खिडकीशी शिवणयंत्र, दोरीवर कपडे, खुर्चीत त्याची म्हातारी आई. तिने मला बघितलं आणि काहीएक न विचारता दोन्ही गालांवरून हात फिरवला. माझ्या! या वयात! खिळेवाल्याच्या बायकोने, म्हणजे वहिनींनीच म्हणायचं आता, हिची चप्पल काढून घेतली, जाड सुईने टाका घालायला बसल्या, आणि त्या टाका घालतायत तोवर खिळेवाल्याने पानं वाढली.

आता आपली रीत तुम्हाला ठाऊक आहे. पहिला "नको" म्हणजे नुसता नमस्कार. दुसरा "नको" म्हणजे, आग्रह करा की जरा! तिसऱ्या "नको"ला आपणच ताट पुढे ओढायचं. बरोबर? सकाळपासून पोटात कावळे नुसते ओरडत नव्हते, सभा घेत होते. वाफ नाकाशी आलेली. मी हात जोडून, मान वाकडी करून, सुसंस्कृतपणे पहिला "नको" म्हटला...

आणि त्याने ताट उचललं! अगदी आदराने, छातीवर हात ठेवून, आत नेऊन ठेवलं!

अहो, दुसरा "नको" कुणाला म्हणू? भिंतीला? आणि आमची ही! तिला विचारलं, ती म्हणाली, "हो." एवढंच! आणि जेवली. परत विचारलं, परत "हो." मी तिच्याकडे बघतोय, ती ताटाकडे बघतेय! तोंड पुसून मला म्हणते कशी, "त्यांच्यात नको म्हणजे नको असतं वाटतं." कळलं ना तुला? मग सांगायचंस तरी! शेवटी म्हातारीला दया आली. तिने माझ्या पोटावर एक बोट टोचलं, पोटानेच उत्तर दिलं, तेव्हा कुठे ताट परत आलं. माझा त्या घरात जो काही मान राहिला तो त्या उत्तरामुळे.

पुढचं काय सांगू! दुपारी पडा जरा. पडलो. उठल्यावर चहा. "हो!" शिकलो होतो ना! संध्याकाळी म्हटलं, हॉटेलवर जातो, तर खिळेवाला सोबत आला... आणि आमच्या बॅगा उचलून परत घरी घेऊन आला! वाटेत मोडकं चाकही बसवलं बॅगेचं. त्यांचा पलंग आम्हाला दिला. मी आपला ऐसपैस झोपलो. म्हटलं, यांची आणखी एखादी खोली असेल. सकाळी पाणी प्यायला स्वयंपाकघरात गेलो, तर दोघं नवरा-बायको जमिनीवर, टेबल आणि कपाटाच्या फटीत, एका चादरीत झोपलेली.

खरं सांगतो, मी तसाच पाणी न पिता मागे फिरलो. फार लाजलो हो मी. फार. हिला उठवून सांगितलं, तर हिचे डोळेच भरले.

सुट्टी संपेपर्यंत राहिलो आम्ही तिथे. संग्रहालय? बघितलं की! निघताना, गाडीच्या खिडकीतून, मागच्या बाजूने.

आणि स्टेशनावर माझ्या जिभेने घात केला. तीही आपली रीतच. निघताना आपण काय म्हणतो? "या एकदा आमच्याकडे!" जिन्यात भेटलेल्यालाही म्हणतो, पोस्टमनलाही म्हणतो. कुणी येतं का कधी? मोबाइलपुढे म्हटलं आणि मोकळा झालो. खिळेवाल्याने ते त्याच्या भाषेत ऐकलं, बायकोकडे बघितलं, आणि खिशातून दिनदर्शिका काढली!

"कधी?"

अहो, "कधी" काय? या प्रश्नाला आमच्याकडे उत्तरच नसतं! पण त्यांच्यात नको म्हणजे नको, आणि या म्हणजे या!

आणि ही मागून ठणकावून म्हणाली, "थंडीत या!"

तर आज येतायत. म्हातारीसकट. स्टेशनवर यायचं नाही, आम्ही शोधू, अशी ताकीद आहे. हिने पहाटेपासून चुलीशी ठाण मांडलंय. म्हणते, "त्या बाईने स्वतः जमिनीवर झोपून मला पलंग दिला. तिच्या पानात माझ्या हातचं गरम पडल्याशिवाय मला चैन नाही." आणि तुम्हाला सांगतो, मलाही नाही. एवढं एक ओझं उतरलं की सुटलो. पण गाडी केव्हाच आली म्हणे, जेवण निवत चाललंय, ही दर दोन मिनिटांनी गॅलरीत जातेय... हरवली असतील का हो? परक्या गावात, म्हातारं माणूस बरोबर... रस्ता कुणाला विचारतील?

थांबा! बेल वाजली. आलो, आलो... आले वाटतं...

...

बसा तुम्ही. मीही बसतो जरा. दारात कोण होतं सांगू? खालचे! लेंगेवाले! इतक्या वर्षांनी माझ्याशी पहिलं वाक्य काय बोलले, तर, "तुमचे पाहुणे आमच्याकडे जेवतायत."

म्हटलं, "तुमच्याकडे? कसे काय?"

तर लाजत म्हणाले, "फाटकाशी भेटले. त्यांनी फक्त रस्ता विचारला होता. पण म्हातारी दमलेली दिसली... दारातून तसंच कसं वर पाठवायचं हो? तुम्हीही चला दोघं. पानं मांडलीत."

"नको" अगदी ओठांवर आला होता माझ्या. ही मागून ओरडली, "हो म्हणा!"

म्हटलं, "हो."

आता ही पातेली उतरवतेय. सगळा स्वयंपाक घेऊन खाली निघालोय. म्हणते, "पान कुणाचंही असो, वाढणार मीच." इतकं छान, मुरलेलं भांडण होतं हो आमचं, गेलं! जेवण झाल्यावर निघताना मी त्यांना काय म्हणणार, मला आत्ताच ठाऊक आहे... "या एकदा आमच्याकडे." आणि हे मेले वरच्या मजल्यावरच यायचं म्हटल्यावर येणार की हो!